वळवणार कोण?

हाडांच्या वॉर्डात तिला सगळे थोरली म्हणत. फार पूर्वी त्याच वॉर्डात तिच्याच आडनावाची आणखी एक सिस्टर होती, वयानं लहान. औषधांच्या वहीत सह्यांचा घोळ व्हायला लागला तेव्हा एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी असं नाव पडलं. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, त्यालाही पंधरा वर्षं लोटली. थोरली मात्र थोरलीच राहिली. डॉक्टर तोंडावर 'सिस्टर' म्हणायचे आणि पाठ वळली की 'थोरली'. ते तिला ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

हॉस्पिटलमध्ये मणक्याचं वेगळं केंद्र उभं राहणार ही बातमी दोन वर्षं नुसतीच फिरत होती. मग एका सोमवारी प्रवेशदालनात काचेच्या पेटीत एक नमुना येऊन बसला. अख्खा तिसरा मजला, छत काढून ठेवल्यासारखा. दोन ऑपरेशन थिएटरं, तपासणीच्या खोल्या, भिंतभर खिडक्यांचा वॉर्ड आणि त्यात काडेपेटीएवढ्या वीस खाटा. प्रत्येक खाटेवर एक बाहुली उताणी पडलेली. येणारेजाणारे थांबून कौतुक करत होते. थोरलीही थांबली. चष्मा वर सरकवून वाकली आणि तिनं उभ्या बाहुल्या मोजल्या. पांढऱ्या कोटातल्या सहा. सिस्टरांच्या निळ्या टोपीतल्या दोन.

"दोनच?" ती म्हणाली.

"बाई, खेळणी आहेत ती," शेजारून रखवालदार म्हणाला.

"खेळण्यांतसुद्धा दोनच," असं म्हणून ती ड्यूटीवर गेली.

केंद्राच्या समितीत तिला घेतलं ते मेट्रनबाईंनी. मेट्रनबाई आणि थोरली एकाच वर्षी शिकून बाहेर पडलेल्या, तीन वर्षं एका खोलीत राहिलेल्या. पुढं एक खुर्चीपर्यंत पोचली आणि दुसरी खाटांपाशीच राहिली. त्यावरून दोघींत कधी कडवटपणा आला नाही, पण गप्पा मात्र कमी झाल्या.

"तू नुसती येऊन बस," मेट्रनबाई म्हणाल्या. "यादीत वॉर्डातलं कुणीतरी हवंय. बोललंच पाहिजे असं काही नाही."

"मग मला कशाला नेतेस? एखादी कुंडी ठेव."

मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. त्या थोरलीला ओळखून होत्या.

बैठक डायरेक्टरसाहेबांच्या दालनात झाली. साहेब एके काळचे कान-नाक-घशाचे डॉक्टर. अंगानं भरदार, स्वभावानं हसरे. आजूबाजूच्या चार जिल्ह्यांत मणक्यासाठी धड सोय नाही, लोक रस्त्यातच अर्धे मरतात, हे त्यांना मनापासून लागलं होतं आणि या केंद्रासाठी त्यांनी बारा वर्षं जिवाचं रान केलं होतं. त्यांच्या उजव्या हाताला नवे सर्जन बसले होते. चाळिशीचे, हळू बोलणारे. डाव्या हाताला सल्लागार, पडद्यावर चित्रं दाखवणारा. चित्रांमागून चित्रं सरकत होती. प्रकाश असा, हवा अशी, फरशी घसरणार नाही अशी. शेवटी माणसांचा तक्ता आला. वीस खाटा, प्रत्येक पाळीला दोन सिस्टर, एक मदतनीस.

"वळवणार कोण?" थोरलीनं विचारलं.

सल्लागाराला वाटलं, पडदा वळवायचा आहे. त्यानं तो थोडा तिच्याकडे वळवला.

"पडदा नाही हो. पेशंट. पेशंटला वळवणार कोण?"

मग तिनं सांगितलं. सर्जनांना ते माहीत होतं, साहेबांनाही कॉलेजात कधीतरी शिकवलं असणार, तरी तिनं नव्यानं सांगितलं. मणका मोडलेल्या माणसाला कमरेखाली काही कळत नाही. कळत नाही म्हणून टोचत नाही, टोचत नाही म्हणून तो कूस बदलत नाही, बदलायची म्हटली तरी त्याला जमत नाही. एकाच जागी भार पडून कातडी आतल्या आत मरते. म्हणून दर दोन तासांनी त्याला वळवायचं. आणि वळवायचं म्हणजे हाताला धरून ओढायचं नाही. एकानं डोकं धरायचं, एकानं खांदे, एकानं कंबर, एकानं पाय, आणि ओंडका फिरवावा तसं सगळं अंग एकदम फिरवायचं. एक जरी मागं राहिला तरी मणका पिळवटतो.

"दिवसाला बारा वेळा. वीस खाटा. म्हणजे दोनशे चाळीस वेळा. एकेकाला पाच मिनिटं धरा. चार माणसांचे वीस तास नुसते वळवण्यात गेले. आणि तुमच्या तक्त्यात आहेत तीन माणसं, ज्यांना औषधं द्यायचीत, लघवीच्या पिशव्या बदलायच्यात, जेवू घालायचंय."

सल्लागार समजावणीच्या सुरात म्हणाला, "सिस्टर, तुमच्या आत्ताच्या वॉर्डातही पाळीला दोनच सिस्टर आहेत. आम्ही तीन महिने निरीक्षण केलंय. काम व्यवस्थित चालतं."

"निरीक्षण केलंत ना? मग खाटांशेजारी स्टुलांवर बसलेली माणसं नाही दिसली?"

"नातेवाईक?"

"तेच. एकाची बायको पाय धरते. शेजारच्या खाटेवरच्याचा भाऊ कंबर धरतो. फरशी पुसायला आलेली मावशी फडकं टाकते, हात धुते आणि खांद्याला लागते. मी डोकं धरते. असा चालतो माझा वॉर्ड. तुमच्या नव्या जागेत नातेवाइकांना वेळ किती?"

"संध्याकाळी एक तास. जंतुसंसर्गाचा विचार करता..."

"म्हणजे खाटा वाढवल्या आणि हात काढून घेतले."

सर्जन म्हणाले, "आपण आपोआप कलणाऱ्या खाटा घेतोय, सिस्टर."

"किती?"

"चार."

"आणि मान नुकतीच मोडलेला पेशंट त्यावर चालतो?"

"नाही," सर्जन म्हणाले. "त्याला हातानंच वळवावं लागतं."

सरळ उत्तर दिलं म्हणून थोरलीला त्यांच्याबद्दल तिथं पहिल्यांदा बरं वाटलं. पण डायरेक्टरसाहेबांनी हसून फाइल मिटली. "मुद्दा चांगला आहे. आपण त्याची नोंद घेऊ."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत नोंद घेतलेले मुद्दे पुढं कुठं जातात हे थोरलीनं पाहिलं होतं. ते कुठंच जात नाहीत.

या एका गोष्टीवर ती इतकी का अडून बसायची, ते वॉर्डातल्या नव्या पोरींना माहीत नव्हतं. तिचा दादा इमारतींना रंग द्यायचा. एकोणीस वर्षांपूर्वी परांचीवरून, म्हणजे दोरांना बांधलेल्या फळीवरून, तो दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आला. पाठीवर पडला. याच हॉस्पिटलात त्याचं ऑपरेशन झालं आणि उत्तम झालं. त्या वेळच्या डॉक्टरांनी थोरलीला बोलावून फोटोसुद्धा दाखवले. पाय येणार नाहीत, पण माणूस बसेल, चाकाच्या खुर्चीत फिरेल, हातानं काम करेल, असं सांगितलं. वॉर्डात तेव्हा चाळीस खाटा होत्या आणि पाळीला दोन सिस्टर. थोरली बाळंतिणींच्या वॉर्डात होती. ड्यूटी संपली की धावत यायची, वहिनीला हाताशी घेऊन दादाला वळवायची. पण उरलेल्या वेळात तो तसाच पडून असायचा. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडाच्या जागी नाण्याएवढा लाल डाग दिसला. दुसऱ्या महिन्यात तिथं मूठ मावेल एवढी जखम झाली. चौथ्या महिन्यात ताप चढला तो उतरलाच नाही. कागदावर मृत्यूचं कारण म्हणून मणक्याची इजा असं लिहिलं गेलं. थोरलीनं तो कागद वाचला, घडी करून वहिनीच्या हातात दिला आणि दुसऱ्याच दिवशी हाडांच्या वॉर्डात बदली मागितली.

तेव्हापासून तिच्या वॉर्डात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पाटी लटकत असे. कधी वळवलं, कुठल्या कुशीवर, कुणी. गेल्या अकरा वर्षांत त्या वॉर्डात एकाही पेशंटला वॉर्डात आल्यावर नव्यानं जखम झालेली नव्हती. हा विक्रम कुठं छापून आला नाही.

बैठकीनंतर आठवड्याभरात डायरेक्टरसाहेबांनी तिला एकटीला बोलावलं. चहा मागवला.

"सिस्टर, केंद्राची इन्चार्ज म्हणून मला तुम्हीच हव्यात," ते म्हणाले. "अनुभव आहे, दरारा आहे. फक्त हा एक फॉर्म भरून द्या. वॉर्ड रुग्णांसाठी सज्ज आहे, मनुष्यबळ पुरेसं आहे, असा. इन्चार्जची सही लागते त्यावर. एकदा सुरू तर होऊ दे. माणसं मागाहून वाढवता येतात."

"साहेब, मागाहून वाढलेली माणसं मी अजून पाहिली नाहीत."

"विश्वास ठेवा ना."

"तुमच्यावर आहे. तक्त्यावर नाही."

साहेबांनी कपातला चमचा उगाचच फिरवला. "तुमची भाची लागलीय ना इथं सिस्टर म्हणून? हुशार मुलगी आहे. अजून कायम व्हायची आहे, नाही का?"

ते सहज बोलले की मुद्दाम, हे थोरलीला कळलं नाही. कदाचित त्यांनाही कळलं नसेल. तिनं चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि फॉर्म तसाच टेबलावर सोडून ती बाहेर पडली.

घरी ती, वहिनी आणि भाची अशा तिघीच. थोरलीनं लग्न केलं नाही. दादा गेल्यावर वहिनीला आणि दीड-दोन वर्षांच्या पोरीला तिनं स्वतःकडं आणलं आणि मग तेच घर झालं. संध्याकाळी भाची पाय पसरून भिंतीला टेकली होती आणि वहिनी भाजी निवडत होती. थोरलीनं झालेलं सगळं सांगितलं. भाचीचा विषय तेवढा गाळला.

"आणि माझं काय म्हणाले?" भाचीनं विचारलं.

"तुझं कशाला काय म्हणतील?"

"आत्या, मेट्रनबाईंच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. मला नव्या केंद्रातच टाकलंय. आणि कायम करायचा कागद साहेबांच्या सहीसाठी गेलाय."

वहिनीनं हातातली जुडी खाली ठेवली.

"वन्सं, तुम्ही सही केली असतीत तर काय झालं असतं?"

"ही तिथं पाळीला असती. ही आणि आणखी एक. वीस जणांना."

"आणि कुणाच्या तरी पाठीला तसं झालं असतं," वहिनी म्हणाली. तिनं पोरीकडं पाहिलं. "आणि त्या माणसाच्या बायकोनं हिच्याकडं बघितलं असतं. मी त्या सिस्टरांकडं जशी बघायचे तशी."

मग भाची उठली, आत्याच्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली आणि म्हणाली, "माझ्यासाठी गप्प बसलीस ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही. नोकरी काय, दुसरी बघेन."

"दुसरीकडंही दोनच असतात गं," थोरली म्हणाली, आणि तिघीही हसल्या.

उद्‌घाटनाच्या दहा दिवस आधी रंगीत तालीम ठरली. विश्वस्त येणार, सगळं फिरून बघणार, वॉर्ड खऱ्या पाळीसारखा चालवून दाखवणार. सहा खाटांवर हॉस्पिटलातलेच लोक पेशंट म्हणून झोपायचे होते. पहिल्या खाटेवर शिकवणीसाठी मागवलेला रबरी पुतळा यायचा होता, तो काही आला नाही.

"मग पहिल्या खाटेवर कोण?" सर्जनांनी विचारलं.

थोरली वॉर्डच्या दारातच उभी होती. समितीत असल्यामुळं तिला हजर राहणं भागच होतं. "पहिला मान साहेबांचा," ती मोठ्यानं म्हणाली. "ज्यांनी एवढं उभं केलं, त्यांनीच पहिल्यांदा खाटेवर पाठ टेकावी."

विश्वस्तांमधल्या एका वृद्ध बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही. मान नाकारायची साहेबांना सवय नव्हती. कोट काढून ते हसत हसत खाटेवर आडवे झाले. थोरलीनं स्वतः त्यांच्या गळ्याभोवती कडक पट्टा बांधला, कपाळावरून पट्टी घेतली.

"तुमची मान मोडलीय, साहेब. खांद्याखाली काही हलवायचं नाही. डोकं तर मुळीच नाही. मनगटाशी बटण आहे, आजच्यापुरतं तेवढं दाबायची मुभा. पाळी अगदी तुमच्या तक्त्याप्रमाणं चालणार. दोन सिस्टर, एक मावशी. मी कशालाही हात लावणार नाही."

पाळीला होती तिची भाची आणि एक अनुभवी सिस्टर. विश्वस्त सर्जनांबरोबर थिएटर बघायला गेले. थोरली खिडकीशी उभी राहिली, घड्याळ समोर धरून.

पाच मिनिटं साहेब छताकडं बघत होते. सहाव्या मिनिटाला त्यांनी विनोद केला, "छताचा रंग चांगला निवडलाय." नवव्या मिनिटाला त्यांच्या नाकाला खाज सुटली. त्यांनी हात उचलला.

"हात नाही हलत, साहेब," थोरली म्हणाली.

त्यांनी बटण दाबलं. दारावरचा दिवा लागला. भाची आणि दुसरी सिस्टर त्या वेळी पाचव्या खाटेवरच्या कारकुनाला वळवण्यात गुंतल्या होत्या, मावशी त्याचे पाय धरून होती. तिथून त्या चौथ्या खाटेकडं गेल्या. तिथल्याची पिशवी भरली असं धरायचं होतं. मग दुसऱ्या खाटेवर औषध. साहेबांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. दिवा लागलेलाच होता, तो आणखी काय लागणार!

"सिस्टर, अहो कुणीतरी..." ते म्हणाले. पट्ट्यामुळं आवाज दबका येत होता.

"येतील. दोघीच आहेत ना."

अकरा मिनिटांनी भाची आली आणि तिनं त्यांचं नाक खाजवलं. तोवर विश्वस्त परतले होते. भरदार, हसऱ्या डायरेक्टरांचा चेहरा लालभडक झाला होता आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानांकडं ओघळलं होतं. कुणी हसलं नाही.

"आता वळवायची वेळ झाली," भाची म्हणाली. तिनं मुद्दामच आत्याकडं बघितलं नाही. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं सिस्टर, पायाशी मावशी. "आता!" म्हणताच तिघींनी जोर लावला. साहेबांचे खांदे वळले, कंबर निम्मी वळली, पाय त्यांच्यामागून आले आणि डोकं धरायला कुणी नसल्यामुळं ते तसंच मागं राहिलं. साहेबांच्या तोंडून कळवळून आवाज निघाला. खरी मान होती ती, धडधाकट होती, तरी दुखली.

"थांबा," सर्जन पटकन पुढं आले. त्यांनी दोन्ही हातांनी साहेबांचं डोकं सावरलं. मग वर बघून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खरा पेशंट असता तर मी आज सकाळी केलेलं ऑपरेशन आत्ता वाया गेलं असतं. कदाचित त्याचा श्वासही थांबला असता."

थोरलीनं तेव्हा घड्याळ खिशात ठेवलं. "आता चौघांनी करून बघू," ती म्हणाली. "डॉक्टर, डोकं तुमच्या हातात आहेच, तसंच राहू द्या." ती अनुभवी सिस्टरला बाजूला करून खांद्यांशी गेली. चौघांनी मिळून साहेबांना वळवलं ते इतकं अलगद, की त्यांना स्वतःला आपण वळलो हे भिंत समोर आल्यावर कळलं.

साहेब उठले. पट्टा सोडवून घेतला, कोट चढवला, केस सारखे केले. थोरलीकडं न बघता विश्वस्तांना म्हणाले, "चला, चहा घेऊ या."

त्या दिवशी वॉर्डातल्या पोरींनी थोरलीला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. तिलाही वाटलं, जिंकलं. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. वरिष्ठांचा जाहीर अवमान केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याची कारणं सात दिवसांत द्यावीत. समितीतून नाव कमी करण्यात येत आहे. भाचीचा कायम व्हायचा कागदही परत आला, 'पुढील आढाव्यापर्यंत स्थगित' असा शेरा घेऊन.

भाचीनं तो कागद आईला दाखवला, मग पर्समध्ये टाकला. "बघ, माझं पण नाव झालं," ती आत्याला म्हणाली. पण रात्रीचं जेवण तिनं अर्धं टाकलं, ते थोरलीनं पाहिलं.

पत्राला थोरलीनं एका ओळीत उत्तर लिहिलं: 'मी साहेबांना पेशंट केलं, यात अवमान कुठला ते कळवावं, म्हणजे कारण देता येईल.'

आता फॉर्मवर सही करणारं कुणीतरी हवं होतं. इन्चार्जची जागा एका ज्येष्ठ सिस्टरला देऊ केली. तिनं फॉर्म वाचला आणि घरचं कारण सांगून परत केला. दुसरीनं कारणही सांगितलं नाही. तिसरी म्हणाली, "थोरलीची सही असेल तर त्याखाली मी करते." शेवटी उरल्या मेट्रनबाई. त्यांची सही नियमानं चालत होती.

दुपारी पेशंटांची जेवणं उरकल्यावर त्या थोरलीच्या वॉर्डात आल्या. फॉर्म हातात. औषधांच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या, एक स्टुलावर, एक खोक्यावर.

"कर सही," थोरली म्हणाली. "तुला नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. मी राग धरणार नाही."

मेट्रनबाई फॉर्मकडं बघत राहिल्या. "तुझा दादा होता ना या वॉर्डात," त्या म्हणाल्या, "तेव्हा पाळीला मी होते."

"माहीत आहे."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? चाळीस खाटा आणि तुम्ही दोघी. तू पायाला पट्टी बांधून उभी असायचीस दिवसभर, मी बघायचे ना. तुला बोलले असते तर ते खोटं झालं असतं."

"मी नोंदवहीत लिहायचे," मेट्रनबाई म्हणाल्या. "वळवलं म्हणून. वळवलेलं नसायचं. वेळच नसायचा गं. पण रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारणा व्हायची, म्हणून लिहायचे."

हे मात्र थोरलीला माहीत नव्हतं. ती खोक्यावर बसून राहिली. बाहेर कुणीतरी पाणी मागत होतं, कुणीतरी ते नेऊन दिलं. एकोणीस वर्षं जिला तिनं मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं, तिला आता परत एकदा माफ करायचं होतं, आणि या वेळी ते तितकं सोपं नव्हतं.

"उद्या तुझ्या पोरीही असंच लिहितील," शेवटी ती म्हणाली. "माझी भाची लिहील. चांगली आहे ती, पण लिहील."

मेट्रनबाई उठल्या. त्यांनी फॉर्म आडवा धरला आणि 'मनुष्यबळ पुरेसं आहे' या वाक्यावर पेनानं सरळ रेघ मारली. वर लिहिलं, 'नाही.' खाली सही केली, शिक्का मारायला ऑफिसात गेल्या. त्याच संध्याकाळी सर्जनांनीही चिठ्ठी पाठवली: हा फॉर्म बदलेपर्यंत मी पेशंट घेणार नाही.

उद्‌घाटन दीड महिना पुढं गेलं. झालं तेव्हा वीसपैकी आठच खाटा उघडल्या. त्या आठ खाटांसाठी प्रत्येक पाळीला दोन सिस्टर आणि शिवाय वळवण्यासाठी म्हणून वेगळी चार माणसं मिळाली. नातेवाइकांनाही दिवसभर आत येता येईल असं ठरलं. साहेबांनी भाषणात हे सगळं आपण आधीच योजलं होतं असं सांगितलं. थोरली मागच्या रांगेत उभी होती. तिनं टाळ्या वाजवल्या.

इन्चार्जची जागा तिला मिळाली नाही. ती बाहेरून आलेल्या एका बाईंना दिली. थोरलीला वळवणाऱ्या चौघांच्या तुकडीवर नेमलं. हुद्दा साध्या सिस्टरचा, म्हणजे हाडांच्या वॉर्डात होता त्याहून एक पायरी खालीच. लागलं तिला. लागलं नाही असं ती म्हणायची, पण वहिनीला दिसायचं. भाची वर्षाअखेरीला कायम झाली. तोवर तिच्या मागून लागलेल्या दोघी तिच्या पुढं गेल्या होत्या.

आणि तिसऱ्या मजल्यावर पेशंट येत राहिले. विहिरीत पडलेला गवंडी, गाडीखाली आलेली शिक्षिका, झाडावरून घसरलेला लाइनमन. कुणी चालत गेलं, कुणी चाकाच्या खुर्चीतून गेलं. पाठ मात्र प्रत्येकाची धड होती. जिल्ह्या-जिल्ह्यांतून लोक विचारत येत, जागा आहे का, आणि त्यांना बारा खाटा प्लास्टिकखाली झाकलेल्या दिसत.

ते बघून बघून एक दिवस थोरली डायरेक्टरसाहेबांच्या दालनात गेली. साध्या कपड्यांत, हातात अर्ज. उरलेल्या खाटांसाठी तीन पाळ्यांना चार-चार, अशी बारा माणसं.

साहेबांनी अर्ज वाचला. त्या तालमीनंतर दोघं पहिल्यांदाच एका खोलीत एकटे होते. "लोक परत जातात म्हणून मला शिव्या घालतात, सिस्टर," ते म्हणाले. "खाटा रिकाम्या आणि पेशंट दारात. सहा माणसांत भागवा, उद्याच्या उद्या उघडतो."

"सहांत नाही भागत."

"आठ?"

"बारा लिहिलंय, साहेब. मी मोजूनच लिहिलंय."

"तुम्ही फार हट्टी आहात."

"हो."

"मला आज निर्णय घेता येणार नाही. दुपारी बैठका आहेत, संध्याकाळी पाहुणे आहेत."

थोरलीनं समोरची खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन ती तिच्यावर नीट टेकून बसली.

"चालू द्या तुमचं," ती म्हणाली. "मी बसते. आज माझी सुट्टी आहे."